साखर पेरलेलं कुरण

रविवारच्या जेवणात वाईट बातमी सांगायची झालीच तर मांस पोटात गेल्यावर सांगावी, एवढी रीत तेचेरांच्या घरात होती. लालोने तीही पाळली नाही. बरगड्या अजून जाळीवर चुरचुरत होत्या, त्याची बायको मिर्ता पाव कापत होती, आणि हा पठ्ठ्या काठीने निखारे सारता सारता म्हणाला, "मी माझ्या वाट्याची जमीन निलगिरी लावणाऱ्या कंपनीला देतोय. भाड्याने. बोलणं झालंय."

ओलिंडा, त्याची मोठी बहीण, माते नावाचा कडू काढा नळीने ओढत बसली होती. तिने भोपळ्याचा पेला सावकाश खाली ठेवला.

"कसलं बोलणं?"

"झालंय म्हटलं ना."

"माझ्याशी तर नाही झालं."

"तुझ्याशी आत्ता करतोय."

"मग झालं नाही, चाललंय," ओलिंडा म्हणाली. "बरगड्या उलट. जळतायत."

साठीला टेकलेली बाई. लग्न दोनदा ठरलं, दोनदा तिनेच मोडलं. एकाला तिची कुत्री आवडत नव्हती आणि दुसरा तिला राजधानीत, मोंतेविदेओला, न्यायला निघाला होता. पासो देल सेइबोच्या टेकड्यांवर जन्मली, तिथेच वाढली. घोड्यावर बसली की चाळिशीची दिसायची आणि तोंड उघडलं की विशीची. ओढ्याच्या एका अंगाला तिचं घर, दुसऱ्या अंगाला लालो आणि मिर्ताचं. बापाने मरताना जमीन दोघांच्या नावावर केली होती, पण मधे कुंपण घालू दिलं नव्हतं. मेंढीला वाटणी कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे कागदावर दोन वाटे होते आणि टेकडीवर एकच कळप.

लालोचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कुरण दोन घरांना पुरत नव्हतं. उन्हाळ्यात गवत गुडघ्याएवढं, पण मे महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा लागला, दोन रात्री दहिवर गोठलं, की सगळी टेकडी पेंढ्याच्या रंगाची. मेंढ्या हाडं मिरवत हिंडायच्या. वर्षाची झालेली कोकरं वसंत आला तरी खाटकाला दाखवण्याजोगी होत नसत.

"निलगिरीला जंत होत नाहीत," लालो म्हणाला. "तिची लोकर कातरावी लागत नाही. पावसात ती मरायला टेकत नाही."

"आणि तिच्या सावलीला टिटवीसुद्धा बसत नाही."

"टिटवी खायला घालते का तुला?"

अर्धी जमीन झाडांखाली गेली तर उरलेल्या अर्धीवर कळप जगणार नाही, हे ओलिंडाला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. तिला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हा लालो मेंढ्यांवर जीव टाकणारा. लहानपणी मेंढी व्यायला लागली की शाळा बुडवून गोठ्यात बसायचा. त्याच्या तोंडी निलगिरीचं कौतुक म्हणजे भटजीने कसायाच्या दुकानाची जाहिरात करावी तसं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गावात गेली आणि लोकर-संघाच्या कचेरीत नाइर सिल्वेइरापुढे जाऊन बसली. नाइर शेतकी इंजिनीयर. तिशीची, ब्राझीलच्या हद्दीजवळची, त्यामुळे बोलताना दोन भाषांची खिचडी करणारी. टेबलावर कायम गवताच्या जुड्या पडलेल्या.

"ओलिंडाबाई, गवत मेलेलं नसतं हो हिवाळ्यात," सगळं ऐकून नाइर म्हणाली. "उपाशी असतं. तुमच्या त्या टेकडीवर हिवाळ्यात वाढणारं देशी गवतही आहे, पण त्याला नत्र मिळत नाही. शरदात युरिया टाका, हिवाळा सरताना पुन्हा टाका आणि बघा."

"देशी गवताला? पेरलेल्या गवताला टाकतात ते माहितीये मला."

"देशी गवतालाच. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. मेंढीला विचारा. अर्ध्या कुरणात टाका, अर्ध्यात नको. कोकरं सारखी सोडा. वसंतात वजन करू."

ओलिंडाला हे फार आवडलं. मेंढीला विचारायचं, हे वाक्य तिला तिच्या बापाचं वाटलं.

लालो मात्र ऐकल्या ऐकल्या उसळला. "वेड लागलंय! आज्याच्या आधीपासून हे गवत आहे. त्याला कुणी खत घातलं नव्हतं."

"तूसुद्धा जन्मलास तेव्हा तुला कुणी बूट घातले नव्हते. आता घालतोस ना?"

"बाबांना या टेकडीवरच्या गवताची शंभर नावं येत होती. शंभर! तुझ्या इंजिनीयरबाईला किती येतात?"

"साठेक," नाइर प्रामाणिकपणे म्हणाली. ती ओलिंडाबरोबरच आली होती आणि गाडीला टेकून उभी होती. "बाकीची तुम्ही शिकवा."

वादात अडकला की लालो पैज लावायचा. तशी त्याने लावली. वसंतात, वजनाच्या दिवशी, युरियाच्या बाजूचं कोकरू बिनखताच्या बाजूच्या कोकरापेक्षा भारी निघालं तर तो निलगिरीवाल्यांना नकार कळवेल. नाही निघालं तर तो सही करेल आणि ओलिंडा एक अवाक्षर काढणार नाही.

"एक अवाक्षर?" मिर्ता म्हणाली. "हिच्याकडून? त्यापेक्षा टेकडी हलवणं सोपं."

हात मिळाले.

जागा ठरली विहिरीचं कुरण. ते लालोच्या घराला लागूनच होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं. मधून विजेची तार ओढली. कोकरं दारातून एक उजवीकडे, एक डावीकडे अशी सोडली, म्हणजे कुणी तगडी तेवढी निवडून घेतली असं व्हायला नको. मग नाइरच्या गाडीमागे फिरकीचं यंत्र लावून एका बाजूवर युरिया उडवला. पांढरे मणी गवतात जाऊन बसले.

आणि पाऊस येईना.

युरियाला पाऊस लागतो. तो वेळेवर आला नाही तर अर्धं खत हवेत उडून जातं. ओलिंडा रोज सकाळी आकाशाकडे अशी बघायची की ढगालाही संकोच वाटावा. लालो कुंपणाशी येऊन उभा राहायचा.

"साखर वाळत घातलीयेस वाटतं?"

"जा, काम कर."

"नाही, म्हटलं मुंग्यांना आमंत्रण गेलं का."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दक्षिणेकडून वारा फिरला आणि दुपारी जेवणाच्या वेळेला असा पाऊस लागला की ओढ्याचा आवाज घरात आला. पाऊस म्हणजे तोर्ता तळायच्या, हे तिकडे मुलांनाही सांगावं लागत नाही. ओलिंडाने चरबी तापवली, कणकेच्या चकत्या मधे भोक पाडून तळल्या, वर साखर भुरभुरली आणि भरलेलं ताट डोक्यावरच्या पोत्याखाली धरून गुडघाभर ओढा ओलांडून लालोच्या टेबलावर नेऊन आदळलं.

"घे. साखर. वाळलेली नाही."

लालोने चार खाल्ल्या. पाचवी खाताना म्हणाला, "तोर्ता चांगल्या झाल्यात. गवताचं बघू."

गवताचं सगळ्यांनी बघितलं. जून लागला, टेकड्या नेहमीसारख्या पिवळ्या पडल्या आणि विहिरीच्या कुरणाचा अर्धा भाग हिरवाच राहिला. तारेच्या एका बाजूला पोपटाचा रंग आणि दुसऱ्या बाजूला पेंढ्याचा. रस्त्याने जाणारे ट्रकवाले थांबून विचारायचे की हे काय आहे. लालोच्या बाजूची कोकरं दिवसभर तारेकडे नाक करून उभी राहायची आणि केविलवाणी ओरडायची. स्वयंपाकघर अगदी तिथेच, त्यामुळे ते रडगाणं मिर्ताला तिन्ही त्रिकाळ ऐकावं लागे.

"लालो, तुझ्या पोरांना समजाव," ती म्हणायची. "नाहीतर मी त्यांना पलीकडे सोडते."

ओलिंडाचीही एक पंचाईत झाली. तिच्या बाजूचं गवत कोकरांना आवरेना. खाल्लं त्याहून जास्त वर यायचं. वाढलेलं गवत राठ होतं आणि राठ गवत कोकरं सोडून देतात. नाइर आली, गवतात पट्टी उभी करून बघितली आणि म्हणाली, "आणखी कोकरं आणा. दोन्हीकडे गवताची उंची सारखी राहिली पाहिजे."

ओलिंडा टेकडीवर गेली आणि आणखी कोकरं घेऊन आली. तीन आठवड्यांनी आणखी आणली. लालो खिडकीतून ओरडला, "ही कसली लबाडी? वाढवतेयस काय?"

"वजन पहिल्या दिवशी सोडलेल्यांचंच होणार," नाइरने सांगितलं. "त्यांच्या कानात निळे बिल्ले आहेत. बाकीची पाहुणी."

"पाहुणी खातात ते कुणाचं?"

"तुझं तर नाहीच," ओलिंडा म्हणाली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. ऑगस्टमध्ये मात्र बिनसलं. युरियाचा दुसरा हात दिला, त्यानंतरच्या आठवड्यात ओलिंडा सकाळी आली तर मधली तार एका जागी जमिनीवर पडलेली आणि लालोची कोकरं हिरव्या बाजूला, पोटं टम्म. तिने त्यांना हुसकलं, तार अडकवली, वारा असेल म्हणाली. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्याच जागी. वारा एकच जागा शोधून काढत नाही.

ओलिंडाच्या मनात जे आलं ते तिला आवडलं नाही. लालो पैज हरताना रडायचा, चिडायचा, पत्ते उधळायचा, पण फसवायचा नाही. पन्नास वर्षांत कधी नाही. दोन दिवस तिने गिळलं. तिसऱ्या दिवशी ठरवलं की हातोहात पकडायचा आणि असं बोलायचं की जन्मभर पुरेल.

लालोचं घर दुपारी जेवून झोपायचं. ती वेळ साधून ती ओढ्याच्या झाडीतून वर चढली. तार पडलेलीच होती. पलीकडे लालोचा घोडा, खोगिरासकट, युरियाचं गवत असं खात होता की जणू उद्या मिळणारच नाही. आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर गवतात लालो बसलेला. पाय पसरून, टोपी मांडीवर ठेवून.

"वा!" ओलिंडा म्हणाली. "घोड्यालासुद्धा घेऊन आलास. मिर्ताला नाही आणलंस चरायला?"

"गप बस."

"चोर तो चोर, वर..."

"ओलिंडा, गप बस आणि घोडा पकड. मघापासून हाका मारतोय, ढुंकून बघत नाहीये गाढव."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. ती जवळ गेली. त्याचा चेहरा पिवळा पडला होता आणि कपाळावर घाम होता, थंडी असूनही.

"ऊठ ना मग."

"उठता आलं असतं तर इथे बसलो असतो का?"

ओलिंडा खाली बसली. कंबरेपासून पाय धरला होता त्याचा. आज नाही, वर्ष होऊन गेलं. खुब्याचा सांधा झिजलाय, बदलावा लागेल, असं शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं. नाव लावून ठेवलं होतं, पण नंबर कधी येईल ते देव जाणे. घोड्यावर चढायचं तर तो घराच्या ओट्यावरून चढायचा. कुरणात उतरला की पुन्हा चढायला दगड शोधावा लागायचा. आज दगड सापडण्याआधी घोडाच लांब गेला.

"आणि तार?"

"ओलांडता येत नाही. पाय तेवढा वर जात नाही. काठीने खाली पाडतो आणि जातो. परत अडकवायला वाकता येत नाही." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "कोकरांना मी सोडलं नाही. ती आपापली गेली."

"पण येतोस कशाला इथे?"

लालोने शेजारचं गवत हाताने फाकवलं. उंच पात्यांखाली, जमिनीलगत, तिपानी होतं, तीन पानांचं एक इवलंसं देशी रोप. फिकट, लांबट देठाचं, उजेडाकडे मान काढून बसलेलं.

"हे बघ. बाबांचं तिपानी. माझ्या बाजूला बस, जिथे हात टाकशील तिथे मिळेल. इथे मघापासून शोधतोय, दोनच सापडली. तुझी साखर मोठ्या गवताला चढते. ते वर जातं आणि हे खाली गुदमरतं. वर्ष-दोन वर्षं गेली की हे उरायचं नाही."

ओलिंडा गुडघ्यांवर आली आणि तिने स्वतः शोधलं. बराच वेळ. मग ती तारेपलीकडे गेली आणि तिथे शोधलं. लालो म्हणत होता ते खरं होतं. परत आली तेव्हा तिचा राग कुठेतरी सांडून गेला होता.

"म्हणून निलगिरी?" तिने विचारलं. "खुब्यामुळे?"

"ज्याला घोड्यावर बसता येत नाही तो मेंढ्या काय राखणार?" तो म्हणाला. "निलगिरी जागेवर उभी असते, ओलिंडा. तिच्यामागे धावावं लागत नाही."

तिला रडू आलं असतं, पण तेवढ्यात घोडा शेपूट उडवत आणखी पलीकडे गेला आणि लालोने त्याला अशी शिवी हासडली की तिला हसू फुटलं. मग त्यालाही. घोडा पकडणं सोपं गेलं, लालोला वर चढवणं नाही. तिने खालून ढकललं, तो वरून ओढत राहिला, अर्ध्यात तो पोत्यासारखा खोगिरावर आडवा पडला आणि घोडा तसाच चालायला लागला. ओलिंडा हसून हसून गवतात बसली.

"मिर्ताला बोलू नकोस," तो आडव्या अवस्थेत म्हणाला.

"मिर्ता काय आंधळी आहे?"

"पाठीत उसण भरलीय असं सांगितलंय तिला. शपथ घे."

ओलिंडाने शपथ घेतली.

त्यानंतर तार पडली नाही, कारण लालो कुरणात गेला की ओलिंडा काहीतरी निमित्त काढून मागून यायची. कधी तार तपासायला, कधी कुत्रं शोधायला. दोघं मिळून तिपानी बघायची. पैजेबद्दल मात्र दोघांनीही अक्षर काढलं नाही, कारण पैज ती पैज.

ऑक्टोबरात वजनाचा दिवस आला. शेजारपाजारचे जमले, कारण गावात दुसरं काही घडत नव्हतं आणि मिर्ता दोन कोकरं भाजणार होती. वजनकाट्याचा पिंजरा दारात लावला. निळ्या बिल्ल्यांची कोकरं एकेक करून आत जायची, नाइर आकडा ओरडायची आणि प्रत्येक आकड्याला बघे एकदा ओलिंडाकडे बघायचे, एकदा लालोकडे.

युरियाची सगळी झाली, मग बिनखताच्या बाजूची झाली. नाइरने बेरीज केली, पुन्हा केली, पेन कानाला लावलं.

"सारखीच आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एकेका कोकराचं सरासरी वजन दोन्हीकडे सारखं. उन्नीस-बीसचाही फरक नाही."

गलका झाला. कुणीतरी टोपी उडवली, कुणीतरी म्हणालं साखर पाण्यात गेली. नाइर ओरडून सांगत होती, "थांबा हो! पण त्या बाजूने दीडपट कोकरं पोसली! तेवढ्याच जमिनीवर! गवत जास्त आलं ते जास्त तोंडांनी खाल्लं, म्हणून एकेकाचं वजन सारखं राहिलं. जमिनीच्या हिशेबाने बघा ना, किती जास्त मांस निघालं!"

सगळे लालोकडे वळले.

"पैज एका कोकराची होती," तो म्हणाला. आवाज मोठा होता, पण त्यात जिंकल्याचा ठसका नव्हता.

ओलिंडाचा चेहरा उतरला होता. वाद घालायला जागा होती, आणि ती बाई तर सुईच्या नाकाएवढ्या जागेतही वाद घालायची. तिने टोपी काढली आणि म्हणाली, "पैज एका कोकराचीच होती. मी भारी म्हटलं होतं, भारी निघालं नाही. तू जिंकलास. जा, सही कर."

आणि ती खरंच गप्प बसली. असं गप्प बसलेलं तिला कुणी पाहिलं नव्हतं. लोकांना अवघडल्यासारखं झालं.

"जाईल कसा सही करायला?" मिर्ता म्हणाली.

ती आगीपाशी उभी होती, हातात सुरा.

"क्लच दाबता येत नाही त्याचा त्याला. मी गाडी चालवत नाही. बस पकडायची तर पायरी चढता येत नाही. निलगिरीवाल्यांनी इथे यावं, खाटेवर सही घ्यावी."

लालोने ओलिंडाकडे असं बघितलं की तिची राखच व्हावी.

"मी नाही सांगितलं!" ओलिंडा म्हणाली. "शपथ!"

"तिने कशाला सांगायला हवं?" मिर्ता म्हणाली. "दोन महिने झाले, सकाळी मोजे मी घालते तुझ्या पायात. उसण पाठीत असते, लालो. मोज्यात नसते. मी वाट बघत होते, तू कधी माणसासारखा बोलतोस त्याची."

पहिला कोण हसला ते सांगता येत नाही, पण लालो शेवटचा हसला, आणि सगळ्यात जास्त वेळ. डोळे पुसून तो मेंढ्यांच्या दाराला टेकून उभा राहिला, आणि मग ओलिंडाची जीभ सुटली. शब्द दिला होता तो पैजेबद्दल. हे वेगळं होतं, असं तिने आधी जाहीर केलं.

"ऐक. हे कुरण तुझ्या दारात आहे. दीडपट कोकरं पोसतंय. मग हिवाळ्यात सगळी कोकरं इथेच ठेवू, खाली, दाराशी, लहान लहान तुकडे पाडून. तुला दार उघडायचं, दार लावायचं. चालत. काठी घेऊन. घोडा नको, टेकडी नको. मोठ्या मेंढ्या घेऊन वर मी जाते, माझे खुबे दगडाचे आहेत."

"आणि युरिया?"

"फक्त इथे. वर टेकडीवर एक मणीही पडणार नाही. तिथे बाबांचं आहे ते बाबांचंच राहील, तिपानीसकट."

लालोने मान हलवली, पण सरळ हो म्हणेल तर तो तेचेरा कसला. "इथेही एक पट्टा मी कोरा ठेवणार. ओढ्याकडचा. तिथे साखर नाही."

"ठेव."

"रुंद."

"ठेव म्हटलं ना!"

नाइरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. स्फुरद टाकलं तर तिपानी उलट वाढतं, असं ती सांगायच्या बेतात होती. मिर्ताने तिच्या हातात एक भाजलेली बरगडी दिली. "खा. आधी यांना एवढं पचू दे."

निलगिरीवाल्यांना लालोने फोन केला. त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. त्यांनी शेजारच्या नूनेसची जमीन घेतली, आणि दोन वर्षांत तिथे झाडांच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. संध्याकाळी त्यांची सावली पार रस्त्यापर्यंत येते.

पुढचं सगळं गोडीगुलाबीने झालं असं कुणी समजू नये. पुढच्या शरदात पाऊसच आला नाही. विहिरीच्या कुरणातला युरिया पडून राहिला, गवत वर आलं नाही, कोकरं पुन्हा टेकडीवर न्यावी लागली आणि लालो महिनाभर "मी म्हटलं नव्हतं?" एवढंच वाक्य बोलत होता. मे संपताना पाऊस झाला तेव्हा त्याने ते बंद केलं. त्याच हिवाळ्यात त्याचा नंबर लागला. शस्त्रक्रिया करून आला, मिर्ताच्या शिव्या खात व्यायाम केले आणि काठी टाकून कोकरांमधून हिंडायला लागला. कोणतं कोकरू आज खात नाही, कोणतं लंगडतंय, हे त्याला दारातूनच कळायचं. घोड्यावरून इतकं कधी दिसलं नव्हतं, असं तो एकदा नाइरला म्हणाला, आणि हे ओलिंडाला सांगू नको म्हणाला, म्हणून नाइरने ते लगेच ओलिंडाला सांगितलं.

वसंतात ट्रक आला, कोकरं चढली, ट्रक धूळ उडवत गेला. लालो दार लावून परत येताना ओट्यापाशी थांबला. ओलिंडा टेकडीवर निघाली होती. तिचा पाय रिकिबीत होता.

"थांब," तो म्हणाला. "मीही येतो."

"डॉक्टरने हो म्हटलं?"

"डॉक्टरला टेकडी माहीत नाही."

तो ओट्यावरून चढला. हळू, पण एका दमात. खोगिरावर सरळ बसला, लगाम हातात घेतला आणि क्षणभर नुसता समोर बघत राहिला. ओलिंडा मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

मग दोघं चालीने वर निघाली. ओढा ओलांडून चढण लागली तसा लालो म्हणाला की या वर्षी मेंढा बदलायला हवा, आणि ओलिंडा म्हणाली की मेंढ्याला काय धाड भरलीय, बदलायचंच असेल तर ते तुझं कुत्रं बदल. मिर्ताला खाली ओट्यावर त्यांचे आवाज बराच वेळ ऐकू येत होते.